कोण, कुठे आणि कसं? : एका खुनाच्या अपिलातले तीन प्रश्न

आज आपण फिलिपीन्सला जाणार आहोत, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयात. विषय आहे खुनाचं अपील. कुठल्याही खुनाच्या अपिलात न्यायाधीशांपुढे शेवटी तीन साधे प्रश्न उरतात. मारणारा कोण होता? आरोपी त्या वेळी कुठे होता? आणि मारलं कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार देतो. दुसऱ्याचं उत्तर आरोपी देतो, ‘मी तिथे नव्हतोच’, म्हणजे ॲलिबाय, आपल्या कायद्याच्या मराठीत ‘अन्यत्र उपस्थितीचा बचाव’. तिसऱ्या प्रश्नावर तिथल्या कायद्यात सगळी शिक्षा फिरते, आणि त्यासाठी तिथे एक जुना स्पॅनिश शब्द आहे, अलेव्होसिया. आपण त्याला सध्या ‘दगा’ म्हणू. तो शब्द नेमका बसतो का, ते पुढे पाहू.

फिलिपीन्सच का, असं आम्हाला विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं. दोन कारणं आहेत. एक, तिथे आपल्यासारखीच ज्युरी नाही. खटला न्यायाधीश चालवतात आणि निकालाची कारणं लिहून देतात, त्यामुळे कुठल्या साक्षीदारावर का विश्वास ठेवला ते आपल्याला वाचता येतं. दुसरं, तिथला फौजदारी कायदा १९३० साली संमत झाला आणि १ जानेवारी १९३२ पासून लागू झाला. त्याचा सांगाडा स्पॅनिश आहे आणि खटला चालवण्याची पद्धत अमेरिकन वळणाची. या मिश्रणामुळे हे तीन प्रश्न तिथे फार स्पष्ट, वेगवेगळे दिसतात. आपल्याकडे ते एकमेकांत मिसळलेले असतात.

आज आपण दोन खटले घेणार आहोत. दोन्ही १९९१ सालचे, दोन्ही मेट्रो मनिलाच्या सुखवस्तू वसाहतींमधले, आणि दोन गुन्ह्यांमध्ये अंतर फक्त १३ दिवसांचं. दोन्हींत आरोपी बड्या घरातला. दोन्हींत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ‘हाच तो’ म्हणाला आणि आरोपी ‘मी तिथे नव्हतो’ म्हणाला. एका खटल्यात साक्षीदार टिकला, दुसऱ्यात ॲलिबाय टिकला. असं का झालं, हे समजलं की आजचा विषय समजला असं धरायला हरकत नाही.

१३ जुलै १९९१ ची पहाट

पहिला खटला ‘पीपल विरुद्ध तिहांकी’ म्हणून ओळखला जातो. आरोपी हा फिलिपीन्सच्या एका दिवंगत सरन्यायाधीशांचा मुलगा आणि त्यांचाच नामधारी. म्हणजे ज्या न्यायालयात त्याचं अपील गेलं, त्याच न्यायालयाचं प्रमुखपद त्याच्या वडिलांनी भूषवलं होतं.

घटना अशी. माकातीमधली दासमारिन्यास व्हिलेज ही वसाहत. फाटकं, पहारेकरी, मोठे बंगले. पहाटेची वेळ. दोन तरुण एका १७ वर्षांच्या मैत्रिणीला घरी सोडायला आले होते. इतक्या उशिरा आल्याचं घरच्यांना कळू नये म्हणून मुलीने गाडी घरापासून थोडी अलीकडेच थांबवायला सांगितली. एक मित्र तिच्याबरोबर चालत निघाला, दुसरा गाडीपाशी थांबला. मागून एक मोटार आली, थांबली, आणि चालकाने उतरून चालणाऱ्या तरुणाकडे ओळखपत्र मागितलं. तरुणाने दाखवलं. त्या माणसाने ते खिशात टाकलं. मागे राहिलेला मित्र पुढे आला आणि ‘आम्हाला का त्रास देताय’ अशा अर्थाचं काहीतरी बोलला. त्या माणसाने त्याला ढकललं, पिस्तूल काढलं आणि गोळी झाडली. तो तरुण मेला.

इथपर्यंतचा भाग नीट लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी आपल्याला इथेच परत यायचं आहे.

त्यानंतर त्या माणसाने उरलेल्या दोघांना पदपथावर बसायला लावलं. मुलगी घाबरून ओरडत होती, तिला गप्प बसवलं. दोघंही बसलेले, हातात काही नाही, समोर दोन-तीन मीटरवर पिस्तूल. मग त्याने आधी तरुणाच्या जबड्यात गोळी मारली, नंतर मुलीच्या डोक्यात. मुलगी सुमारे तीन महिने मृत्यूशी झुंजली आणि ऑक्टोबरमध्ये गेली. तरुण मात्र वाचला. तोच या खटल्याचा मुख्य साक्षीदार. शिवाय आजूबाजूच्या घरांवरचे सुरक्षारक्षक आणि एक ड्रायव्हर यांनीही आवाज ऐकून बाहेर पाहिलं होतं.

पहिला प्रश्न : कोण?

वाचलेल्या तरुणाने आरोपीला ओळखलं कसं? आधी हॉस्पिटलमध्ये फोटो दाखवले गेले. नंतर ओळख परेड झाली, पण तपास यंत्रणेच्या कार्यालयात नाही, एका खासगी घरात. बचाव पक्षाने हाच मुद्दा धरला. फोटो दाखवण्याची पद्धतच अशी होती की बोट याच्याकडेच जावं, परेडची जागाही संशयास्पद, आणि जबड्यात गोळी लागलेला माणूस कुठल्याही सूचनेला बळी पडू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

६ ऑक्टोबर १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती रेनातो पुनो यांनी यावर एक कसोटी मांडली, जी पुढे तिथल्या जवळजवळ प्रत्येक खुनाच्या अपिलात उद्धृत होऊ लागली. ती मुळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ आणि १९७७ च्या निकालांमधून आलेली आहे. न्यायालयाबाहेर झालेली ओळख ग्राह्य धरायची की नाही, हे सगळी परिस्थिती एकत्र पाहून ठरवायचं. त्यासाठी सहा गोष्टी तपासायच्या.

पहिली, साक्षीदाराला गुन्हेगार नीट दिसण्याची संधी होती का? दुसरी, त्या वेळी त्याचं लक्ष किती होतं? तिसरी, त्याने ओळखण्याआधी केलेलं वर्णन किती जुळलं? चौथी, ओळखताना त्याला किती खात्री होती? पाचवी, गुन्हा आणि ओळख यांत किती वेळ गेला? सहावी, ओळख करवून घेण्याच्या पद्धतीत सूचना, इशारा, ढकलणं किती होतं?

आता ही कसोटी लावून पाहू. तरुणाने आरोपीला एका क्षणापुरतं, पळताना पाहिलेलं नव्हतं. तो त्याच्याशी बोलला होता, त्याला ओळखपत्र दिलं होतं, त्याच्यासमोर बसला होता. अंतर काही मीटर. जो माणूस आपल्याला मारणार की सोडणार हे कळत नाही, त्याच्या चेहऱ्याकडे माणूस बघतो. ओळख काही महिन्यांनी झाली नव्हती, काही दिवसांत झाली होती. परेड खासगी घरात का, तर साक्षीदार हॉस्पिटलमधून नुकताच बाहेर पडत होता आणि त्याच्या सुरक्षेचा प्रश्न होता, हे स्पष्टीकरण न्यायालयाला पटलं.

पण निकाल केवळ त्याच्या शब्दावर उभा नव्हता. परिसरातल्या इतर साक्षीदारांनी स्वतंत्रपणे आरोपीला ओळखलं आणि मोटारीबद्दलही सांगितलं. त्यांतला एक रक्षक सुरुवातीला तोंड उघडायला तयार नव्हता. न्यायालयाने त्याची भीती समजून घेतली. इतक्या वजनदार घरातल्या माणसाविरुद्ध रात्रपाळीचा पहारेकरी पहिल्याच दिवशी पुढे येत नाही, यात अस्वाभाविक काही नाही. बचाव पक्षाने आरोपीच्या हातावर बंदुकीच्या दारूचे अंश सापडले नाहीत हेही मांडलं. न्यायालय म्हणालं, ती चाचणी निर्णायक नाही. गोळीबारानंतर ती बऱ्याच उशिरा झाली, आणि तेवढ्या वेळात हात धुतले गेलेले असू शकतात.

दुसरा प्रश्न : कुठे?

आरोपीचं म्हणणं होतं की त्या वेळी तो पासिगमधल्या आपल्या घरी होता. आणि ज्या प्रकारची मोटार साक्षीदारांनी पाहिली, ती त्याची मोटार तर अपघातानंतर नीट चालतच नव्हती आणि बरेच दिवस एका जागी उभी होती.

ॲलिबाय टिकायला फिलिपीन्समध्ये दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, मी दुसरीकडे होतो. दोन, तिथून गुन्ह्याच्या जागी त्या वेळी पोहोचणं मला शारीरिकदृष्ट्या अशक्य होतं. पहिलीपेक्षा दुसरी अट अवघड. ‘मी घरी झोपलो होतो’ एवढ्याने काम होत नाही, घर किती लांब होतं ते पाहिलं जातं.

आता पाहा. पासिग आणि माकाती एकाच महानगरात, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने मोटारीला वेळ किती लागणार? अशक्यतेचा मुद्दा तिथेच पडला. आणि ती नादुरुस्त मोटार उभी कुठे होती? आरोपीच्या आईच्या घरी, त्याच दासमारिन्यास व्हिलेजमध्ये. शिवाय गाडी धड नसली तरी चालवता येत होती, हे आरोपीने स्वतःच कबूल केलं. म्हणजे गाडीची सबब ज्या कारणासाठी पुढे केली, त्याच्या उलट ती त्याला गुन्ह्याच्या जागेजवळ घेऊन आली.

एका बाजूला समोरासमोर पाहिलेले साक्षीदार, दुसऱ्या बाजूला काही मिनिटांच्या अंतरावरचं घर. ॲलिबाय फेटाळला गेला.

तिसरा प्रश्न : कसं?

आणि आता दगा. मराठीत आपण दगा म्हणतो तेव्हा आपल्या मनात विश्वासघात असतो. ज्याच्यावर भिस्त ठेवली त्यानेच उलटणं. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना त्यांच्याच पगारी गारद्यांनी मारलं, तो आपल्या डोळ्यांपुढचा दगा. पण फिलिपीन्सच्या कायद्यातल्या अलेव्होसियाला आधीचा विश्वास लागत नाही. मारणारा पूर्ण अनोळखी असला तरी दगा होऊ शकतो. कायद्याची व्याख्या आपल्या शब्दांत सांगायची तर अशी : मारणाऱ्याने असा मार्ग, अशी पद्धत वापरली की काम हमखास फत्ते व्हावं आणि समोरच्याच्या प्रतिकारातून स्वतःला काही धोका उरू नये. गारद्यांचं कृत्य दोन्ही अर्थांनी दगा होतं, कारण आत शिरलेले सशस्त्र आणि समोर निःशस्त्र. कायद्याला मात्र यातला फक्त दुसरा भाग हवा असतो. म्हणून ‘बेसावध आणि असहाय गाठून मारणं’ हे भाषांतर जास्त जवळचं.

याला एवढं महत्त्व का? कारण तिथे माणूस मारण्याचे दोन वेगळे गुन्हे आहेत. दगा किंवा तसंच दुसरं गंभीर कारण असेल तर ‘मर्डर’. नसेल तर ‘होमिसाइड’. तिथल्या कायद्यात होमिसाइड म्हणजे अपघाताने झालेला मृत्यू नव्हे. जाणूनबुजून मारलं तरी, दगा नसेल तर, तो होमिसाइड. शिक्षेत फरक प्रचंड. होमिसाइडला १२ वर्षं १ दिवस ते २० वर्षं ही मर्यादा. मर्डरला ‘रेक्लुसियोन पेर्पेतुआ’, म्हणजे २० वर्षं १ दिवस ते ४० वर्षं, आणि एकेकाळी मृत्युदंडही. मृत्युदंड तिथे २००६ साली रद्द झाला.

न्यायालयं दग्यासाठी दोन गोष्टी मागतात. हल्ल्याच्या वेळी बळी पडलेल्याला प्रतिकाराची संधी नव्हती. आणि आरोपीने ती पद्धत जाणीवपूर्वक निवडली होती. दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. हल्ला अचानक झाला एवढ्यावरून दगा ठरत नाही. भांडणात संतापून एकाने एकदम चाकू काढला, तर हल्ला अचानक आहे, पण विचार करून निवडलेला नाही. आणि दगा गृहीत धरता येत नाही, तो खुद्द खुनाइतकाच पक्का सिद्ध व्हावा लागतो. साक्षीदाराने हल्ल्याची सुरुवातच पाहिली नसेल, शेवट तेवढा पाहिला असेल, तर बहुतेकदा दगा गळून पडतो.

आता परत त्या पहाटेकडे. खालच्या न्यायालयाने दोन्ही मृत्यूंना मर्डर म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वेगळे केले. पहिल्या तरुणाच्या बाबतीत न्यायालय म्हणालं, तो मागून आला, बोलला, याने ढकललं आणि गोळी घातली. सगळं क्षणाच्या भरात घडलं, पद्धत आधी निवडलेली दिसत नाही. म्हणून दगा नाही, गुन्हा होमिसाइड, शिक्षा किमान ८ वर्षं १ दिवस ते कमाल १४ वर्षं ८ महिने १ दिवस. पण पदपथावर बसवलेल्या दोघांचं तसं नाही. त्यांना आधी बसवलं, पिस्तुलाच्या धाकात ठेवलं, मग मारलं. प्रतिकार शक्यच नाही, आणि ही स्थिती आरोपीनेच तयार केलेली. मुलीच्या मृत्यूबद्दल मर्डर आणि रेक्लुसियोन पेर्पेतुआ. वाचलेल्या तरुणाबद्दल मर्डरचा अपुरा राहिलेला गुन्हा.

एकच पिस्तूल, एकच माणूस, एकच पहाट, मध्ये मोजकीच मिनिटं, आणि गुन्हे वेगळे. पहिल्यांदा ऐकताना हे टोचतं. मेलेल्या पहिल्या तरुणाच्या आईला हा फरक कसा समजावून सांगणार? आम्हालाही त्याचं सोपं उत्तर देता येत नाही. एवढंच म्हणता येईल की कायदा इथे दुःख मोजत नाही, मारणाऱ्याच्या मनातली निवड मोजतो.

आरोपी पुढे २००८ साली राष्ट्राध्यक्षांच्या दयेच्या अधिकारातून सुटला. त्यावर मोठा गदारोळ झाला. पण तो आजचा विषय नाही.

दुसरा खटला : जेव्हा ॲलिबाय जिंकतो

आता १३ दिवस मागे या. २९ आणि ३० जून १९९१ च्या मधल्या रात्री परान्याके भागातल्या बीएफ होम्स वसाहतीत एका घरात आई आणि तिच्या दोन मुलींची हत्या झाली. कुटुंबातला पुरुष त्या वेळी अमेरिकेत होता. हे विझकॉन्डे हत्याकांड. जवळजवळ चार वर्षं तपास भरकटत राहिला. १९९५ साली एक तरुणी पुढे आली आणि म्हणाली, मी त्या रात्री त्या टोळक्याबरोबर होते, मी पाहिलं. तिने ज्यांची नावं घेतली त्यांत एका सिनेटरचा मुलगा होता. खटला त्याच्या नावाने, ‘वेब खटला’ म्हणून ओळखला गेला.

आरोपीचं म्हणणं, मी त्या वेळी अमेरिकेत होतो. ९ मार्च १९९१ ला देश सोडला, ऑक्टोबर १९९२ मध्ये परत आलो. पुरावा म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं प्रमाणपत्र, तिथे काढलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, खरेदीच्या नोंदी, आणि तिथे भेटलेल्या लोकांच्या साक्षी.

खालच्या न्यायालयाने २००० साली त्याला आणि इतरांना दोषी ठरवलं. अपिलातही शिक्षा कायम राहिली. कारण? वर्षानुवर्षं घोटलेलं सूत्र : ठाम ओळख पटलेली असेल तर ॲलिबाय दुबळा. कागदपत्रं बनावट करता येतात. पैसेवाल्यांना काय अशक्य?

१४ डिसेंबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि आरोपींना निर्दोष सोडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती रोबेर्तो आबाद यांनी. निकाल एकमताचा नव्हता, काही न्यायमूर्तींनी कडक विरोधी मत नोंदवलं. पण बहुमताने त्या सूत्राला जो प्रश्न विचारला तो महत्त्वाचा आहे. जो खरोखर निर्दोष आहे, त्याच्याकडे ‘मी केलं नाही’ आणि ‘मी तिथे नव्हतो’ याशिवाय दुसरा बचाव असतो तरी कुठला? मग हा बचाव ऐकण्याआधीच दुबळा मानला, तर निर्दोष माणसाने काय करायचं?

म्हणून न्यायालय म्हणालं, ‘ठाम ओळख’ हे शब्द उच्चारले की संपलं, असं नाही. ती ओळख विश्वासार्ह साक्षीदाराकडून आलेली हवी, आणि त्याने सांगितलेली हकीकत मुळात पटण्यासारखी हवी, रचलेली वाटता कामा नये. इथे साक्षीदार तपास यंत्रणेची खबरी होती. तपासातल्याच एका अधिकाऱ्याने साक्ष दिली की आधी ती म्हणाली, या प्रकरणाची माहिती असलेला माणूस मी आणून देते. माणूस काही आला नाही. शेवटी तिनेच सुचवलं, ती भूमिका मीच वठवते. ही साक्ष न्यायालयाला फार वजनदार वाटली. शिवाय तिने सांगितलेल्या तपशिलांपैकी बरंच काही आधीच सर्वांना माहीत झालेलं होतं, आणि जे नवं होतं ते घटनास्थळाशी धड जुळत नव्हतं.

मग कागदपत्रं. ती खोटी मानायची तर दोन देशांच्या इमिग्रेशन खात्यांतली माणसं सामील होती असं मानावं लागेल. त्याचा पुरावा काय? ‘करता येतं’ म्हणजे ‘केलं’ नव्हे. अंतर काही मिनिटांचं नाही, प्रशांत महासागराचं आहे. शारीरिक अशक्यतेची अट इथे अक्षरशः पूर्ण होते. आणि मुख्य आरोपी तिथे नव्हताच म्हटल्यावर त्या साक्षीदाराची सगळी हकीकत कोसळते, त्यामुळे बाकीचेही सुटतात.

यातलं कडू सत्य असं की आरोपी तोवर सुमारे १५ वर्षं तुरुंगात होता. आणि त्या तीन खुनांसाठी नंतर दुसऱ्या कोणाला शिक्षा झालेली नाही. चुकीच्या माणसावर खटला उभा राहिला की दोन अन्याय होतात, एक आत बसलेल्यावर आणि एक मेलेल्यांवर.

आपल्याकडे काय?

थोडक्यात सांगतो. आपल्या कायद्यात दगा हा खुनाचा वेगळा घटक नाही. आधीच्या भारतीय दंड संहितेत आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत खून ठरतो तो मुख्यतः हेतू आणि जाणीव यांवरून. असहाय माणसाला मारलं की नाही, हा विचार शिक्षा ठरवताना येतो. ॲलिबाय आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११ मध्ये आला. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे, गुन्हा कलकत्त्याला घडला आणि त्या दिवशी आरोपी लाहोरला होता. आता ते कलम भारतीय साक्ष अधिनियमात कलम ९ झालं आहे. ओळख परेड आपल्याकडे पोलीस स्वतः घेत नाहीत, दंडाधिकाऱ्यांसमोर होते. आणि ती स्वतंत्र पुरावा नाही. खरी ओळख न्यायालयात साक्षीदाराने पटवायची असते, परेड तिला फक्त आधार देते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : साक्षीदार शपथेवर, छातीवर हात ठेवून सांगतो. तो खोटं बोलत नसेल तर चुकेल कसा?*

खोटं बोलणं आणि चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त धोकादायक. खोटं बोलणारा उलटतपासणीत अडखळतो. चुकलेला अडखळत नाही, कारण त्याला स्वतःलाच खात्री असते. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या. नंतर वेग विचारताना काहींना ‘आदळल्या’ अशा जोरकस शब्दाने विचारलं, काहींना ‘लागल्या’ अशा सौम्य शब्दाने. जोरकस शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवडाभराने विचारलं तेव्हा त्यांच्यापैकी जास्त जणांना फुटलेली काच ‘आठवली’, जी फिल्ममध्ये नव्हतीच. प्रश्नाचा शब्द आठवणीत शिरतो. म्हणून त्या सहा कसोट्यांपैकी ‘साक्षीदाराची खात्री’ या कसोटीवर आज बरीच टीका होते. २०११ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जुनी चौकट अपुरी ठरवून नवी आखून दिली. फिलिपीन्सच्या न्यायालयानेही २००४ साली फोटोंबद्दल दोन नियम स्पष्ट केले. एकट्या संशयिताचा फोटो दाखवू नका, अनेक दाखवा. आणि फोटोंची मांडणी अशी नको की त्यातून हाच तो असं सुचवलं जाईल.

*प्रश्न : आरोपीला ॲलिबाय सिद्ध करता आला नाही, तर तो दोषी ठरतो का?*

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाचीच. ॲलिबाय पडला याचा अर्थ आरोपीचा एक बचाव गेला, एवढाच. सरकार पक्षाचा पुरावा मुळातच लंगडा असेल तर बचाव लंगडा असल्याने तो धावायला लागत नाही.

*प्रश्न : दुसऱ्या खटल्यातला आरोपी सुटला कारण त्याच्याकडे पासपोर्ट होता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं काय?*

हा प्रश्न येईल याची आम्ही वाटच पाहत होतो. गवंडीकाम करणारा माणूस रात्री दोन वाजता कुठे असतो? घरी झोपलेला असतो. साक्षीदार कोण? बायको, आई, शेजारच्या खोलीतला भाऊ. न्यायालय म्हणतं, ही जवळची माणसं, त्याला वाचवायला बोलणारच. त्याचं घर गुन्ह्याच्या जागेपासून दोन गल्ल्यांवर असेल तर शारीरिक अशक्यताही नाही. म्हणजे तो खरं बोलत असला तरी त्याचा ॲलिबाय या कसोटीवर कधीच टिकणार नाही. विमानाचं तिकीट, शिक्के, पावत्या हे सगळं ज्यांचं आयुष्य कागदावर नोंदलं जातं त्यांच्याकडे असतं.

अशा माणसाला वाचवणारी गोष्ट एकच. ओळख पटवण्याची पहिली पायरी स्वच्छ असणं. साक्षीदाराने आधी वर्णन दिलं होतं का आणि ते लिहून घेतलं होतं का, फोटो किती दाखवले, परेडमध्ये शेजारी उभी केलेली माणसं खरंच त्याच्यासारखी दिसत होती का, साक्षीदाराने त्याला आधी चौकीत बसलेलं पाहिलं होतं का. वकील मित्रांना आमची विनंती आहे, गरीब अशिलाच्या खटल्यात ॲलिबाय शोधण्यात जाईल तेवढाच वेळ या प्रश्नांना द्या. कारण तुमच्या अशिलाकडे दाखवायला पावती नसेल, पण त्याला ओळखलं कसं गेलं याची नोंद सरकारकडे असायलाच हवी. आणि ती नसेल, तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

इथे थांबू.